शेतमजुरांचा कैवारी जोसेफ आर्च

इंग्लंड देशाच्या मध्यभागी वॉरिकशायर नावाचा परगणा आहे. शेक्सपिअर कवीचे जन्मस्थान ह्याच परगण्यात असल्यामुळे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस त्याचे नाव परिचयाचे असेल. ह्या परगण्यात, एव्हन नदीच्या काठी, वॉरिक शहरापासून सुमारे तीन मैलांवर बारफर्ड नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे ता. १० नोव्हेंबर १८२६ रोजी एका गरीब मजुराच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव जोसेफ आर्च. नवव्या वर्षी हा मुलगा चार पेन्स रोजावर शेतातील पाखरे हाकीत होता, आणि एकोणसाठाव्या वर्षी तो ब्रिटिश पार्लमेंटाच्या कॉमन्स सभेत आपल्या मतदारांचा प्रतिनिधी म्हणून जाऊन बसला. त्याच्या अगोदर त्या सभेत शेतमजूर म्हणून आयुष्य घालविलेला एकही मनुष्य बसला नव्हता. ह्या दोन गोष्टींच्या मधली जी पन्नास वर्षे, त्यांची हकीकत बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावी असे योजिले आहे.

त्या काळच्या इंग्लंडातील खेड्याची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे, नाहीतर पुढील गोष्टींचा उलगडा व्हावयाचा नाही. गावची बहुतेक सर्व जमीन एका बड्या जमीनदाराची असे. त्याच्याकडून ती खंडाने घेऊन कसणारे काही शेतकरी असत. हे चांगले सुखवस्तू लोक होते. आणि ह्या शेतकऱ्यांच्या हाताखाली आठवड्याच्या मजुरीवर राबणारे जे बाकीचे सारे गाव, ते म्हणजे शेतमजूर. मजुराला स्वतःची वीतभर जमीन नसे. तो ज्या झोपडीत राही ती देखील बहुधा मालकाचीच असे. त्यामुळे मालकाची मर्जी गेली की काम जाई आणि कामाबरोबर डोक्यावरचे छप्परही जाई. अशा स्थितीत मनुष्याची जीभ टाळ्याला चिकटून राहते ह्यात नवल काय? आर्च कुटुंबाचे भाग्य एवढेच की, बारफर्ड येथील त्यांचे लहानसे घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. हे घर नसते तर पुढचा जोसेफ आर्च झालाच नसता असे आम्हांस वाटते.

जोसेफचा बाप जॉन आर्च हा शांत, कष्टाळू व अबोल मनुष्य होता; परंतु एकदा हा अबोल मनुष्यही अडून बसला. परदेशचे धान्य देशात येऊ नये म्हणून त्यावर भारी जकात बसविणारे कायदे त्या वेळी इंग्लंडात अमलात होते. त्यांमुळे जमीनदारांस व शेतकऱ्यांस लाभ होई, पण मजुराची भाकरी महाग होई. इ.स. १८३५ साली ह्या कायद्यांच्या बाजूचा एक अर्ज गावात सह्यांसाठी फिरत होता. जॉनने त्यावर सही करण्याचे नाकारले. झाले! त्यानंतर अठरा आठवडे त्याला कोणी काम दिले नाही. त्या अठरा आठवड्यांत जोसेफच्या आईने लोकांचे कपडे धुऊन घर चालविले. गव्हाची भाकरी दृष्टीस पडेना. जवाची मिळाली तरी पुष्कळ झाले. त्या वेळी जोसेफ आठनऊ वर्षांचा होता. आपल्या घरात चूल का पेटत नाही, ह्याचे कारण बापाची न केलेली सही हे आहे, इतके त्याला समजत होते.

त्याची आई हन्ना ही तर विलक्षण करारी बाई होती. गावच्या धर्मगुरूच्या घरून गरिबांस सूप व कोळसा ह्यांची भिक्षा वाटली जाई. पण ती ज्यांना मिळे त्यांनी मान लववून वागावे असा संकेत असे. हन्ना ते सूप घेण्यास कधीही गेली नाही. धर्मगुरूच्या पत्नीने एकदा असा हुकूम सोडला की, शाळेतील सर्व गरीब मुलींचे केस वाटोळे कापून टाकावेत. त्यालाही हन्नाने आपल्या मुलींपुरता साफ नकार दिला. जोसेफला लिहिण्यावाचण्याची गोडी लाविली ती हिनेच. गावच्या शाळेत त्याला तीन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. परंतु रात्री, दिवसभराचे धुणे आटोपल्यावर, ही बाई मुलाला जवळ घेऊन पवित्र शास्त्र व शेक्सपिअरची नाटके वाचून दाखवी. (धुणे धुणाऱ्या बाईने शेक्सपिअर वाचावा, ह्याचे आमच्या काही विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. ज्यांना पाठ्यपुस्तकातील उतारे देखील जड वाटतात त्यांनी ह्याचा जरूर विचार करावा.)

ह्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिताना आम्हा ख्रिस्ती लोकांस मान खाली घालावी लागते. पण खरे ते लपवून काय उपयोग? जोसेफ सात वर्षांचा असताना एके रविवारी गावच्या देवळात प्रभुभोजनाचा विधी होता. लहान मुलांस आत राहण्याची मुभा नव्हती. आपला बाप आत गेला आहे, तेथे काय चालते हे पाहावे म्हणून त्याने दाराच्या किल्लीच्या भोकाला डोळा लाविला. प्रथम गावचा जमीनदार एकटाच पुढे गेला व भाकर आणि द्राक्षारस घेऊन परत आला. मग शेतकरी गेले. त्यांच्या मागून दुकानदार, सुतार, लोहार. आणि सर्वांच्या शेवटी, मध्ये बरेच अंतर ठेवून, जाडेभरडे डगले घातलेले मजूर गेले. त्यांच्यात त्याचा बाप होता. ज्या मेजापुढे मोठा नाही आणि लहान नाही असे शिकविले जाते, तेथेच ही पायरी पाहून त्या मुलाच्या मनास जो चटका बसला तो जन्मभर बुजला नाही. आपण मोठे झाल्यावर अशा रीतीने ह्या मेजाशी कधीही जावयाचे नाही, असा त्याने तेथेच निश्चय केला.

नववे वर्ष लागताच त्याची शाळा सुटली व पाखरे हाकण्याचे काम त्याच्या गळ्यात आले. आपल्याकडे जोंधळा हुरड्यास आला म्हणजे मुले गोफण घेऊन माळ्यावर चढतात, त्याच जातीचे हे काम. मात्र आपल्याकडे मूल आपल्या बापाच्या शेतात राखण करिते, आणि माळ्यावर बसून हुरडाही खाते. जोसेफ परक्याच्या शेतात, थंडीवाऱ्यात, एकटा, बारा बारा तास उभा राही. पुढे तो नांगराचे घोडे हाकू लागला, मग नांगर धरू लागला, गवत कापू लागला, आणि अखेरीस कुंपणे बांधण्याच्या कलेत त्याने नाव काढिले. इंग्लंडात शेतांच्या कडेने जिवंत झाडांची कुंपणे असतात. त्यांची खोडे बुंध्याशी अर्धवट कापून, आडवी वाकवून, एकमेकांत अशी गुंतवावी लागतात की ती मरू नयेत आणि त्यांतून वासरूही शिरू नये. ह्या कामाच्या चढाओढीत आर्चने सर्व देशात पहिला क्रमांक पटकाविला. ह्यामुळे दोन लाभ झाले. एक तर तो उक्ती कामे घेऊ लागला, म्हणजे कोणा एका मालकाचा बांधलेला राहिला नाही. आणि दुसरे असे की, कामाच्या निमित्ताने तो पुष्कळ परगण्यांत व वेल्स प्रांतातही हिंडला. जेथे जेथे तो गेला तेथे तेथे त्याला मजुरांची तीच दशा दिसली. गळके घर, पोटभर नाही अशी मजुरी, आणि म्हातारपणी वर्कहाउस.

वर्कहाउस म्हणजे निराधार गरिबांस ठेवण्याची सरकारी जागा. तेथे नवराबायकोची ताटातूट करीत व इतक्या कडकपणे वागवीत की, गरीब मनुष्य तेथे जाण्यापेक्षा उपाशी मरणे पत्करी. आर्चचा बाप म्हातारपणी अंथरुणास खिळला, तेव्हा आर्चच्या पत्नीने मोलमजुरी सोडून सासऱ्याची शुश्रूषा आरंभिली. तिची मिळकत बुडाली, म्हणून गरीब-निधीच्या पंचांकडे आर्चने अल्पशी मदत मागितली. जन्मभर राबलेल्या मनुष्यासाठी ही मागणी मोठी नव्हती. पंचांनी मदत नाकारली व म्हाताऱ्यास वर्कहाउसात पोहोचविण्याचा सल्ला दिला. आर्चने तो झिडकारिला. इ.स. १८६२ साली जॉन आर्च आपल्याच घरात वारला, आणि मुलाच्या डोक्यावर कर्ज झाले. पुढे तीस वर्षांनी ही गोष्ट निराळ्या जागी पुन्हा वर यावयाची होती.

ह्या मधल्या काळात आर्च प्रिमिटिव्ह मेथडिस्ट मंडळीचा उपदेशक झाला होता. ही गरीब कष्टकऱ्यांची मंडळी. हिचे स्थानिक उपदेशक पगारी नसत. आठवडाभर राबून रविवारी मैलोगणती पायी जात आणि एखाद्या झोपडीत किंवा झाडाखाली उपदेश करीत. आर्चचा आवाज खणखणीत होता, भाषा घरगुती होती, आणि मजुरांसमोर काय बोलले असता त्यांच्या काळजास भिडते हे तो जाणत होता. कॉलेज नाही, वक्तृत्वाचे बक्षीस नाही. रविवारच्या ह्या पायपिटीतच त्याचे वक्तृत्व तयार झाले.

ता. ७ फेब्रुवारी १८७२ हा दिवस इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासात संस्मरणीय होय. त्या दिवशी जवळच्या वेल्सबोर्न गावाकडील काही मजूर आर्चच्या घरी आले. आम्हांस संघ स्थापावयाचा आहे, तुम्ही येऊन चार शब्द सांगावे, अशी त्यांनी विनंती केली. दिवस पावसाळी, वाटा चिखलाच्या. तीसचाळीस माणसे जमतील असे आर्चला वाटले. तो जाऊन पाहतो तो गावच्या चिंचोळ्या रस्त्यांतून माणूसच माणूस! सुमारे दोन हजार लोक जमले होते असा त्याने पुढे अंदाज केला. खाणावळीच्या खोलीत इतके लोक मावणार कोठून? म्हणून सभा उघड्यावर, एका जुन्या चेस्टनटच्या झाडाखाली भरली. काळोख पडला होता. घेवड्याच्या वेलांस लावावयाच्या काठ्यांना कंदील टांगून कोणी उजेड केला. व्यासपीठ म्हणून डुकरे मारण्याचे एक लाकडी बाकडे आणून ठेविले, आणि त्यावर उभा राहून आर्च तासभर बोलला. त्या उजेडात वर पाहणाऱ्या चेहऱ्यांवरची उपासमार त्याला दिसत होती. त्याच रात्री शेकडो लोकांनी संघात नावे नोंदविली. सामान्यतः आठवड्याला बारा शिलिंग मिळत. त्यांनी सोळा मागितले.

मालकांनी हा अर्ज वाचण्याचीही तसदी घेतली नाही. तेव्हा मार्च महिन्यात संप झाला. लंडनच्या डेली न्यूज पत्राने ह्या संपाची हकीकत लिहिण्यास आर्चिबाल्ड फोर्ब्स नावाचा आपला युद्धवार्ताहर पाठविला; फ्रान्स व प्रशिया ह्यांच्या लढाईच्या बातम्या लिहिणारा हा गृहस्थ आता वॉरिकशायरच्या चिखलातून मजुरांच्या झोपड्या पाहत हिंडू लागला. शहरांतील लोकांस खेड्यांतील दैन्य प्रथमच कळले व वर्गण्या येऊ लागल्या. मे महिन्यात लेमिंग्टन येथे राष्ट्रीय शेतमजूर संघाची स्थापना होऊन आर्च त्याचा अध्यक्ष झाला. दोन वर्षांत संघाचे सभासद ८६ हजारांवर गेले. सर्व देशातील मजूर एकदम संघात आले असे मात्र नव्हे. पण ज्या वर्गास कोणी मुका समजत होते त्याच्या दृष्टीने ही संख्या लहान नव्हती.

विरोधही तितकाच कडवा झाला. ग्लॉस्टरच्या बिशपांनी तर चळवळ्या लोकांस गावच्या घोड्यांच्या डबक्यात बुचकळावे असे भर सभेत सूचित केले! उलटपक्षी रोमन कॅथोलिक पंथाचे मॅनिंग ह्यांनी मजुरांचा पक्ष उघडपणे घेतला, हेही नमूद केले पाहिजे. १८७३ च्या मे महिन्यात ऑक्सफर्डशायरमधील अॅस्कट नावाच्या खेड्यात एक खेदजनक प्रकार घडला. संपावरील मजुरांच्या जागी शेतकऱ्याने शेजारच्या गावातून दोन तरुण आणिले. गावच्या बायकांनी त्यांची वाट अडविली. ह्याबद्दल सोळा बायकांस सात ते दहा दिवसांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दोघींच्या अंगावर पिणारी मुले होती. तीही आयांबरोबर तुरुंगात गेली. शिक्षा देणारे दोघेही मॅजिस्ट्रेट धर्मगुरू होते. सर्व देशात गवगवा झाला, आणि शांतपणे समजूत घालणाऱ्या संपवाल्यांस गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७५ साली बदलावा लागला.

आर्च स्वतः दंगाधोप्याच्या पूर्ण विरुद्ध होता. मालकांशी तंटा पडल्यास तो पंचांपुढे न्यावा असे तो शेवटपर्यंत म्हणे. १८७३ साली तो कॅनडा देशात जाऊन आला व तेथे मजुरांस जमीन कशी मिळते हे पाहून आला. त्यानंतर पुष्कळ कुटुंबे समुद्रापलीकडे गेली. त्याच वर्षी शिकारीच्या कायद्यांविषयी पार्लमेंटाच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. १८६२ च्या एका कायद्यान्वये पोलिसास वाटेने जाणाऱ्या कोणाही मजुराची झडती घेण्याचा अधिकार होता. त्याच्या पिशवीत ससा तर नाही ना, हे पाहण्यासाठी! जमीनदारांचे ससे मजुराच्या परसातील भाजी खात, पण मजुराने ससा मारिला तर तो गुन्हा होई. हे कायदे करणाऱ्या सभेत जमीनदारच बहुसंख्य होते हे सांगावयास नकोच.

आणि येथेच आर्चच्या ध्यानात मुख्य गोष्ट आली. १८७४ साली पूर्वेकडील परगण्यांत शेतकऱ्यांनी संघाच्या हजारो मजुरांस कामावर येण्याची बंदी केली. महिनोगणती संघाने त्यांस पोसले, हजारो पौंड खर्चिले, आणि शेवटी तिजोरी रिकामी होऊन हार खाल्ली. केवळ संपाने भागत नाही. मजुराला मत पाहिजे, हे ह्या हारीने त्याला शिकविले. १८६७ च्या कायद्याने शहरांतील घरधारक कामगारांस मताचा अधिकार मिळाला होता, परंतु खेड्यांतील मजुरास तो नव्हता. शहरातील चांभार मत देई, आणि त्याला गहू पुरविणारा मजूर मुका राही. दहा वर्षे आर्चने गावोगावच्या सभांतून ही एकच गोष्ट सांगितली. अखेर १८८४ साली पार्लमेंटाने कायदा करून खेड्यांतील घरधारक पुरुषांस मताचा हक्क दिला. (स्त्रियांस तो मिळण्यास आणखी चौतीस वर्षे लागली, जोसेफच्या आईसारख्या बायकांचे मत कोणी विचारले नव्हते.) गुप्त मतदानाचा कायदा १८७२ सालीच झाला होता, पण चिठ्ठीवर केलेली खूण मालकाला कळेल अशी भीती भोळ्या मजुरांच्या मनात असे, ती घालविण्यासाठी चिठ्ठी पेटीत कशी पडते हे त्यांना समजावून सांगावे लागे.

१८८५ च्या अखेरीस निवडणूक झाली. नॉरफोक परगण्याच्या वायव्य भागातून आर्च लिबरल पक्षातर्फे उभा राहिला. त्याच्याविरुद्ध लॉर्ड हेन्री बेंटिंक हा मोठ्या घराण्यातील तरुण होता. आर्च ६४० मतांनी निवडून आला. गमतीची गोष्ट अशी की, राणी व्हिक्टोरियाचे वडील चिरंजीव, युवराज एडवर्ड, ह्यांचे सँड्रिंगहॅम येथील राजगृह ह्याच मतदारसंघात होते. म्हणजे इंग्लंडच्या भावी राजाच्या वतीने पार्लमेंटात बोलावयाचे काम पाखरे हाकणाऱ्या मुलाकडे आले!

कॉमन्स सभेत त्या वेळी बहुतेक सभासद काळा लांब कोट व उंच रेशमी टोपी घालून येत. आर्च आपल्या गावच्या जाड लोकरी कोटात व साध्या फेल्ट टोपीत गेला. थोड्याच दिवसांत, जानेवारी १८८६ मध्ये, राणीच्या भाषणावर वादविवाद सुरू झाला. सरकार वर्षभरात काय करणार हे ह्या भाषणात सांगितलेले असते. त्यात मजुरांविषयी काही नव्हते. तेव्हा जेसी कॉलिंग्ज ह्या सभासदाने अशी उपसूचना आणिली की, खेड्यांतील मजुरांस वाजवी खंडाने जमिनीचे तुकडे मिळण्याची काही तजवीज नाही, ह्याबद्दल सभेस खेद वाटतो. आर्च ह्या सूचनेच्या बाजूने बोलला. ते त्याचे सभेतील पहिले भाषण. आकड्यांचे भेंडोळे त्याच्या हातात नव्हते, पण बोलत होता तो स्वतः भोगलेल्या गोष्टींविषयी. मजुराला भिक्षा नको, कोणाची जमीन लुबाडावयाचीही नाही. रोजचे काम उरकल्यावर बायकामुलांसह कसता येईल असा एक तुकडा योग्य खंडाने मिळावा, इतकेच त्याचे मागणे होते. मजुरांच्या तुकड्यांस शेतकऱ्यांच्या शेतांपेक्षा एकरी कितीतरी अधिक खंड पडे, आणि हे तुकडे पुष्कळदा गावापासून दूर असत. ज्यांनी कधी संध्याकाळी थकलेल्या पायांनी दोन मैल कुदळ खांद्यावर टाकून चालून पाहिले नव्हते त्यांना ह्यातील दुःख काय कळावे? मते मोजली तेव्हा सरकारपक्ष ७९ मतांनी हरला, आणि लॉर्ड सॉल्झबरी ह्यांच्या मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. सरकार उलटण्यामागे आयर्लंडच्या प्रश्नाचे राजकारणही होते, हे इतिहास जाणणाऱ्यांस ठाऊक आहे. तथापि मजुराच्या परसाचा प्रश्न घेऊन इंग्लंडचे मंत्रिमंडळ पडावे, ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वी त्या बाकड्यावर उभे राहून कोणी सांगितली असती तर लोक हसले असते.

पण हे वैभव क्षणिक ठरले. त्याच वर्षी आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर लिबरल पक्ष फुटला. कॉलिंग्ज वगैरे स्नेही एका बाजूस गेले. आर्च ग्लॅडस्टनसाहेबांशी एकनिष्ठ राहिला. जुलैमध्ये पुन्हा निवडणूक झाली, आणि त्याच लॉर्ड बेंटिंककडून आर्च अवघ्या २० मतांनी हरला. त्यापुढील वर्षे त्याच्या आयुष्यातील फार कष्टाची होत. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्यामुळे शेतीचा धंदा बसला होता, मजुरी उतरली होती, आणि संघाचे सभासद गळत चालले होते. संघाने आजारी सभासदांस मदत देण्याचा निधी काढिला होता. म्हातारे सभासद वाढले, वर्गणी देणारे तरुण कमी झाले, आणि निधी बुडाला. ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी आर्चला दोष दिला. तो सर्वस्वी निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. तो हेकट होता, सहकाऱ्यांशी त्याचे पटत नसे, आणि हिशेबाच्या बारीक कामाकडे त्याचे लक्ष कमी असे. १८८९ पर्यंत संघात सुमारे चार हजार लोक उरले. १८९६ च्या सुमारास संघच मोडला.

१८९२ साली त्याच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले, १८९५ साली तिसऱ्यांदा. १९०० पर्यंत तो सभेत होता. ह्या आठ वर्षांत तो फारसा बोलला नाही. वय साठीच्या पुढे गेलेले, पाठीमागे संघाचे बळ नाही, सभासदांस त्या काळी वेतन नसे म्हणून पैशाची सदा ओढ. त्याची टिंगल करणारे म्हणत की, रानातला सिंह पार्लमेंटात येऊन झोपी गेला. ह्या टीकेत तथ्य नाही असे नाही. पण त्याच वर्षांत खेड्याखेड्यांतून लोकनियुक्त ग्रामसभा स्थापन करणारा १८९४ चा कायदा झाला, आणि जमिनीचे तुकडे व लहान शेते ह्यांविषयीचेही कायदे झाले. ते एकट्या आर्चने केले नाहीत. मात्र मत हाती असलेल्या मजुरास विसरून आता चालणार नाही, हे प्रत्येक पक्षास कळून चुकले होते, आणि ते कळविणाऱ्यांत तो पहिला होता.

१८९३ साली म्हाताऱ्या गरिबांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक राजनियुक्त मंडळ नेमण्यात आले. त्यात युवराज एडवर्ड सभासद होते, आणि जोसेफ आर्चही होता. ज्याच्या बापास पंचांनी वर्कहाउसाची वाट दाखविली होती तो आता त्याच विषयावर साक्षीदारांस प्रश्न विचारण्यास बसला. मंडळाने १८९५ साली जो अहवाल दिला त्यात वृद्धांस पेन्शन देण्याची शिफारस नव्हती. पदरी निराशाच आली. तेरा वर्षांनी, १९०८ साली, तो कायदा झाला, आणि ता. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांस सरकारातून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. जॉन आर्चसारख्या म्हाताऱ्यांस आता आपल्याच अंथरुणात मरण्यासाठी पंचांची विनवणी करावी लागत नव्हती.

आर्चने १८९८ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे संपादन वॉरिकच्या काउंटेसबाईंनी, म्हणजे त्याच परगण्यातील किल्ल्याच्या धनिणीने केले. दोन वर्षांनी पार्लमेंट सोडून तो बारफर्डला परत आला. स्नेह्यांनी त्याच्यासाठी वर्षासनाची व्यवस्था केली होती. वडिलांच्या त्याच लहानशा घरात, त्याच परसात भाजी लावीत, त्याने शेवटची एकोणीस वर्षे काढिली. महायुद्ध आले व संपले. नव्या पिढीस त्याचे नाव फारसे ठाऊक राहिले नाही. कित्येकांस तो जिवंत आहे हेही माहीत नव्हते. ता. १२ फेब्रुवारी १९१९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, तो त्या घरात वारला.

त्याचा मोडलेला संघ मात्र निराळ्या हातांनी पुन्हा उभा राहिला होता. नॉरफोकमध्ये जॉर्ज एडवर्ड्‌स नावाचा एक मजूर होता. तोही लहानपणी पाखरे हाकीत असे आणि पुढे त्याच प्रिमिटिव्ह मेथडिस्ट मंडळीचा उपदेशक झाला. त्याला अक्षरओळख नव्हती. लग्न झाल्यावर पत्नीने त्याला वाचावयास शिकविले. तरुणपणी तो आर्चच्या चळवळीत वाढला होता. १९०६ साली त्याने शेतमजुरांचा नवा संघ काढिला, आणि १९२० च्या जुलैमध्ये, आर्च वारल्यानंतर दीड वर्षाने, दक्षिण नॉरफोकच्या लोकांनी ह्या एकोणसत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यास पार्लमेंटात पाठविले.